टंकयंत्राची सवय आणि नवशिक्याची पुस्तिका : वर्ड प्रोसेसरच्या अध्यापनाचा एक अध्याय

यंत्राबरोबर येणारी हस्तपुस्तिका हा गद्यप्रकार वाङ्मयाच्या इतिहासात कोणी मोजीत नाही, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्षही तिच्याकडे सहसा जात नाही. ती वाचली जाते ती नाइलाजाने, आणि काम भागले की अडगळीत जाते. तथापि विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत या उपेक्षित गद्यावर असा एक प्रसंग आला की त्यातील क्रियापदांची रूपे, शीर्षकांची भाषा, वाक्यांचा क्रम, एवढेच नव्हे तर त्यात मुद्दाम न लिहिलेल्या गोष्टींचा परिणामही प्रयोगशाळेत तपासला गेला. हा प्रसंग म्हणजे कार्यालयातील टंकलेखकाच्या टेबलावर झालेले वर्ड प्रोसेसरचे आगमन होय.

या पुस्तिका कोणासाठी लिहिल्या गेल्या हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील कार्यालयांत टंकलेखनाचे काम बहुतांशी स्त्रियांकडे असे. या स्त्रिया आपल्या कामात निष्णात होत्या. अनेकींच्या हाताला वर्षानुवर्षांचा सराव होता. अशा निष्णात व्यक्तीपुढे नवे यंत्र ठेवले जाई, सोबत जाडजूड पुस्तिका दिली जाई, आणि काही दिवसांत तिने ते आत्मसात करावे अशी अपेक्षा केली जाई. पुस्तिका समजली नाही तर दोष वाचणारीचा ठरे. विशेष म्हणजे तीही तो आपलाच मानी. हा दोष वस्तुतः कोणाचा, हा प्रश्न पुढे शास्त्रीय संशोधनाचा विषय झाला. त्याला मिळालेले उत्तर पुस्तिका लिहिणाऱ्यांना फारसे सुखावणारे नव्हते.

'वर्ड प्रोसेसिंग' ही संज्ञा पडद्यापेक्षा जुनी आहे. तिच्या उगमाशी आयबीएमच्या जर्मन शाखेतील उलरिख श्टाइनहिल्पर यांचे नाव जोडले जाते. १९६४ साली आयबीएमने चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारे टंकयंत्र बाजारात आणले, आणि त्याच्या प्रचारातून ही संज्ञा रूढ झाली. या यंत्रात कागद जागच्या जागी होता. कळ दाबली की अक्षर उमटे. फीत फिरविली की तोच मजकूर पुन्हा टंकित होई. टंकलेखिकेच्या पूर्वज्ञानाला धक्का बसला तो कागद नाहीसा झाला तेव्हा. वँग लॅबोरेटरीजचे पडद्याचे वर्ड प्रोसेसर १९७६ साली आले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कार्यालयातील मजकूर कागदावरून काचेवर गेला.

हा बदल वरवर साधनाचा वाटतो. प्रत्यक्षात तो अर्थाचा होता. टंकयंत्रावर रुंद दांडी दाबली की गाडी एक घर पुढे सरकते. तेथे काहीही उमटत नाही. मोकळी जागा म्हणजे केवळ अक्षराचा अभाव. वर्ड प्रोसेसरमध्ये मात्र मोकळी जागा हेही एक अक्षरच असते. ते साठविले जाते, पुसता येते, मोजले जाते, आणि मजकुराच्या मध्ये दांडी दाबली तर कर्सर नुसता पुढे न जाता उजवीकडील सर्व मजकूर ढकलला जातो. व्याकरणातील लोप आणि शून्य प्रत्यय यांचा विचार केलेल्या अभ्यासकास हा भेद चटकन उमगेल : न दिसणारे म्हणजे नसलेले नव्हे. वीस वर्षे टंकलेखन केलेल्या व्यक्तीला तो कोणी सांगितल्यावाचून उमगावा अशी अपेक्षा करणे हा अन्याय होता. ओळ संपविण्याच्या कळीचेही तसेच. टंकयंत्रावर प्रत्येक ओळीच्या अखेरीस गाडी मागे आणावीच लागते. नव्या यंत्रात ओळ आपोआप मोडते, आणि सवयीने प्रत्येक ओळीस कळ दाबली तर पुढे एखादा शब्द घालताच परिच्छेदाची रचना विसकटते.

सारा डग्लस आणि टॉमस मोरान यांनी १९८३ साली या घटनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. मजकूर संपादनाच्या सॉफ्टवेअरचा 'अर्थविचार' नवशिका साम्यावरून कसा शिकतो, असा त्यांचा विषय होता. शिकणाऱ्याच्या चुकांपैकी पुष्कळशा चुका टंकयंत्राचा नियम नव्या यंत्रास लावल्यामुळे होतात, असे त्यांस आढळले. म्हणजे या चुका अज्ञानाच्या नव्हत्या, ज्ञानाच्या होत्या. दुसरी भाषा शिकताना मातृभाषेचे नियम तिच्यात डोकावतात ही गोष्ट भाषाध्यापकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पुस्तिका लिहिणाऱ्यांना मात्र ती ठाऊक नव्हती. त्यांच्या दृष्टीने वाचकाचे मन कोरे होते.

या अडचणीतून दोन वाटा निघत होत्या : यंत्र बदलणे आणि पुस्तिका बदलणे. पहिली वाट कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात चोखाळली गेली. तेथे १९७४ साली बटलर लँपसन व चार्ल्स सिमोनी यांच्या पुढाकाराने 'ब्राव्हो' नावाचे संपादनाचे सॉफ्टवेअर तयार झाले. त्यात एकच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी आज्ञा बजावी. यंत्र त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे यावर ते अवलंबून असे. याविषयी एक गोष्ट त्या वर्तुळात आवर्जून सांगितली जाते. एखाद्याने आज्ञेच्या अवस्थेत 'एडिट' हा साधा इंग्रजी शब्द टंकित केला, तर 'ई' या अक्षराने सर्व मजकूर निवडला जाई, 'डी'ने तो पुसला जाई, 'आय'ने नवा मजकूर घालण्यास आरंभ होई, आणि संपूर्ण दस्तऐवजाच्या जागी 'टी' हे एकच अक्षर उरे. संपादन करू इच्छिणाऱ्याने संपादन हाच शब्द लिहावा आणि त्यामुळे सगळा ग्रंथ नष्ट व्हावा, यापेक्षा शब्द आणि क्रिया यांच्या विसंवादाचे बोलके उदाहरण सापडणे कठीण. लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७५ च्या सुमारास 'जिप्सी' हे सॉफ्टवेअर रचले, तेव्हा अशा अवस्था जवळजवळ काढून टाकल्या. गिन या पाठ्यपुस्तक-प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी ते होते. कापणे आणि चिकटविणे ही कात्री-डिंकाच्या कामातील क्रियापदे त्यात आली, आणि ती आज जगभर रूढ आहेत. परंतु ही यंत्रे प्रयोगशाळेबाहेर फारशी गेली नाहीत. कार्यालयांत जे पोहोचले ते निराळे होते, आणि तेथे पुस्तिकेवाचून गत्यंतर नव्हते.

आयबीएमचे 'डिस्प्लेरायटर' हे यंत्र १९८० साली विक्रीस आले. पडदा, कळफलक, तबकडीचे उपकरण आणि मुद्रक असा त्याचा संच होता, आणि सोबत स्वयंअध्ययनाची सविस्तर पुस्तिका होती. ती निष्काळजीपणे लिहिलेली नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्या काळच्या अध्यापनशास्त्राप्रमाणे तिची रचना निर्दोष होती : प्रथम प्रस्तावना, मग पाठाची उद्दिष्टे, पुढे येणाऱ्या गोष्टींचे पूर्वावलोकन, मग क्रमवार कृती, शेवटी उजळणी. सोपे आधी, कठीण नंतर. वाचकाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने जावे आणि सांगितले तेवढेच करावे, एवढीच तिची अपेक्षा होती.

न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथे आयबीएमचे वॉटसन संशोधनकेंद्र आहे. तेथील रॉबर्ट मॅक, क्लेटन ल्यूइस व जॉन कॅरोल यांनी टंकलेखन जाणणाऱ्या, परंतु वर्ड प्रोसेसर कधीही न हाताळलेल्या व्यक्तींना यंत्र व पुस्तिका देऊन बसविले, आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहण्याची विनंती केली. ही 'सशब्द विचार' पद्धती संगणकाच्या अभ्यासात आणण्यात ल्यूइस यांचा मोठा वाटा आहे. कॅरोल हे कोलंबिया विद्यापीठात घडलेले मानसभाषाशास्त्रज्ञ. १९७६ मध्ये आयबीएममध्ये येण्यापूर्वी त्यांचा विषय वाक्याचे आकलन हाच होता, आणि त्यांच्या या कामावर त्या शिक्षणाची छाप स्पष्ट दिसते. शिकणाऱ्यांची परीक्षा न घेता त्यांनी त्यांचे बोलणे टिपून घेतले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर त्यांनी एक भाषिक सामग्री जमविली आणि तिचे विश्लेषण केले. १९८३ व १९८४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या सामग्रीत काय आढळले? पहिली गोष्ट अशी की कोणीही पुस्तिका ओळीने वाचीत नव्हते. पाने चाळली जात, मध्येच एखादी कळ दाबून पाहिली जाई. पत्र लिहावयास बसलेल्या व्यक्तीला पत्र लिहावयाचे होते, यंत्राची सर्व अंगे समजून घ्यावयाची नव्हती. दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. पूर्वावलोकनात 'पुढील पाठात दस्तऐवज तयार करणे, तो साठविणे, मुद्रित करणे' अशा प्रकारची यादी आली की काही जण ती यादीच अमलात आणू लागत. लेखकाच्या दृष्टीने ते वर्णन होते. वाचकाच्या दृष्टीने ती आज्ञा होती. वाक्याचा आकार आणि त्यामागील हेतू यांतील हे अंतर भाषाव्यवहाराच्या अभ्यासकांना परिचित आहे, पण येथे त्याचे मोल रोख द्यावे लागे : न सांगितलेली कृती केली की यंत्र एखाद्या अनपेक्षित पडद्यावर जाऊन थांबे, आणि पुस्तिकेचे पान व यंत्राचा पडदा यांची जी ताटातूट होई ती पुन्हा जुळत नसे. कारण पुस्तिकेत योग्य मार्ग तेवढा दिलेला होता. मार्ग चुकलेल्याने परत कसे यावे हे तिच्यात नव्हते.

तिसरी गोष्ट म्हणजे अर्थ लावण्याची हौस. पडद्यावर काही अनपेक्षित घडले की शिकणारी व्यक्ती क्षणार्धात त्याचे स्पष्टीकरण रचीत असे. ते बहुधा चुकीचे असे. पण स्पष्टीकरण मिळाल्यामुळे ती पुढे जाई, आणि चूक खोलवर रुजे. कित्येकदा चूक झाली आहे हेच लक्षात येत नसे. कॅरोल व मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ साली या सर्वांस 'क्रियाशील वापरकर्त्याचा विरोधाभास' असे नाव दिले. काम उरकण्याच्या ओढीने माणूस शिकण्यास वेळ देत नाही, आणि न शिकल्यामुळे त्याचे काम उरकत नाही. पूर्वज्ञानाच्या आधारे तो नवे समजून घेतो, आणि तेच पूर्वज्ञान त्याला फसविते. हा दोष शिकवणुकीने नाहीसा करता येण्याजोगा नाही. शिकण्याचा तो स्वभावच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मग पुस्तिकाच या स्वभावास अनुसरून लिहिता येईल काय? त्या दिशेने यॉर्कटाउन येथे तीन प्रयोग झाले. पहिल्यात ९४ पानांच्या पुस्तिकेऐवजी २५ सुटी पत्रके दिली गेली. प्रत्येक पत्रक एका कामापुरते होते. त्यावर कृतीचा तपशील अपुरा ठेवला होता. थोडी सूचना, ठीक चालले आहे हे ओळखण्याची खूण, आणि चुकल्यास काय करावे, एवढेच. पत्रके कोणत्याही क्रमाने वाचता येत. ती वापरणाऱ्यांनी पुस्तिका वाचणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी वेळ घेतला, आणि नंतर दिलेले काम अधिक चांगले केले.

दुसऱ्या प्रयोगात यंत्रालाच हात घातला गेला. मुलाच्या सायकलला लावतात त्या आधाराच्या लहान चाकांचे नाव त्यास मिळाले होते. कॅरोल व कॅरोलिन कॅरिदर्स यांनी १९८४ साली तो प्रसिद्ध केला. नवशिक्याने प्रगत आज्ञांची निवड केली तर ती कार्यान्वित न होता 'ही सोय शिकाऊ यंत्रात नाही' अशा आशयाची सूचना येई. निवड करण्याचे स्वातंत्र्य राही, पण तिचे दुष्परिणाम भोगावे लागत नसत. तिसरा प्रयोग सर्वांत प्रसिद्ध झाला. 'मिनिमल मॅन्युअल', म्हणजे किमान पुस्तिका, या नावाने त्याचा वृत्तान्त १९८७ साली छापून आला. मूळ पुस्तिकेतील स्वागत, पूर्वावलोकने, उजळण्या व यंत्ररचनेचे निरूपण काढून टाकले गेले. प्रकरणे दोन-तीन पानांवर आणली गेली. शीर्षके यंत्राच्या भागांच्या नावांनी न देता माणसाच्या कामाच्या नावांनी दिली गेली. जागोजागी 'आता स्वतः करून पाहा' अशा मोकळ्या जागा ठेवल्या, आणि पूर्वीच्या ध्वनिमुद्रित बोलण्यात ज्या चुका पुनःपुन्हा आढळल्या होत्या त्यांवरील उपाय जेथल्या तेथे दिले. या पुस्तिकेने शिकणाऱ्यांना मूलभूत गोष्टींसाठी सुमारे ४० टक्के कमी वेळ लागला.

या सर्व कामाचा ग्रंथ कॅरोल यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यास 'द न्युर्नबर्ग फनेल' असे नाव दिले. न्युर्नबर्गचे नरसाळे ही जर्मन परंपरेतील एक जुनी थट्टा आहे : विद्यार्थ्याच्या डोक्यात नरसाळे खुपसायचे आणि वरून विद्या ओतायची. तिचा संबंध गेओर्ग फिलिप हार्सड्योर्फर यांच्या १६४७ साली न्युर्नबर्ग येथे निघालेल्या काव्यशास्त्रविषयक ग्रंथाशी जोडतात. लॅटिनच्या साहाय्यावाचून जर्मन काव्यरचना सहा तासांत ओतून देण्याचे आश्वासन त्या ग्रंथाच्या नावातच होते. अल्पावधीत अमुक शिका, अशी जाहिरात करणाऱ्या पुस्तकांचा हा पूर्वज असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील काळात या संशोधनाचा जो सारांश सर्वत्र पसरला तो असा की, पुस्तिका आखूड असावी. हा सारांश चुकीचा आहे. पाने कमी करणे कोणासही जमते, आणि बाजारातील पुष्कळ पुस्तिका पुढे छपाईचा खर्च वाचविण्यासाठी आखूड झाल्याही. त्यामुळे शिकणाऱ्याचे काही भले झाले असे दिसत नाही. यॉर्कटाउनच्या पुस्तिकेत एक भाग वाढविलेला होता, आणि तो भाग चुकांचा होता. हे नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या आर्ड लाझोंडर व हान्स व्हान डेर मेइ यांनी अधिक नेमकेपणाने दाखविले. त्यांनी वर्डपरफेक्ट या सॉफ्टवेअरसाठी किमान पुस्तिका रचून नेहमीच्या पुस्तिकेशी तिची तुलना केली आणि १९९३ साली तिचा वृत्तान्त दिला. कमी म्हणजे खरोखरच अधिक काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच आहे. १९९५ साली त्यांनी केवळ चुकांविषयीच्या मजकुरावर लक्ष केंद्रित केले. अशा मजकुरात तीन गोष्टी असाव्यात असे त्यांचे मत : चूक झाल्याची खूण, तिचे कारण, आणि ती सुधारण्याची कृती. तिन्ही गोष्टी जेथे चूक संभवते त्याच ठिकाणी हव्यात. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या 'अडचणी व उपाय' या परिशिष्टात नव्हेत, कारण अडचणीत सापडलेल्याला आपल्या अडचणीचे नावच ठाऊक नसते.

नावांच्या प्रश्नावर याच सुमारास एक स्वतंत्र प्रयोग झाला. तो भाषाशास्त्रज्ञांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे, आणि परिभाषेच्या वादात रमणाऱ्या मराठी मंडळींनी तर विशेषच. बेल लॅबोरेटरीजमधील टॉमस लँडाउअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली संपादनाच्या आज्ञांची तीन नामावल्या करून त्यांची तुलना केली. एकीत यंत्रज्ञांची रूढ नावे होती. दुसरीत सामान्य माणसांना सहज सुचणारी. तिसरीत अर्थाशी काडीचाही संबंध नसलेली. पुसण्याच्या किंवा जोडण्याच्या आज्ञेला 'आरोप करणे' किंवा 'विचारविनिमय करणे' अशा अर्थाचे शब्द तीत होते. आरंभीच्या शिक्षणात या तीन नामावल्यांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. थोड्याशा आज्ञांपुरता हा निष्कर्ष असला, तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. 'सेव्ह' म्हणावे की 'जतन करा' म्हणावे यावर कितीही शाई खर्च झाली, तरी नवशिक्या अडतो तो शब्दापाशी नव्हे. आज्ञा कोणत्या वस्तूवर चालते, तिचा परिणाम कोठे दिसतो आणि तो मागे कसा घ्यावा, या ठिकाणी तो अडतो. संज्ञा एकच राहावी, पानोपानी बदलू नये, एवढी काळजी घेतली की पुष्कळ झाले. परिभाषा घडविण्याचे अन्य हेतू असू शकतात, आणि ते योग्यही असतील. पण नवशिक्याची सोय हा त्यांपैकी एक आहे असे सहसा गृहीत धरले जाते, ते या प्रयोगापुढे टिकत नाही.

बाजारात मात्र या संशोधनाची वाट न पाहता पुष्कळ काही घडत होते. १९७९ च्या सुमारास आलेल्या वर्डस्टारमध्ये पडद्याचा वरचा भाग आज्ञांच्या तक्त्याने व्यापलेला असे, आणि सराव होत जाईल तसा हा तक्ता टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सोय होती. पुस्तिका शिकणाऱ्याबरोबर आखूड होत जावी, ही कल्पना त्यात सहजपणे साधली होती. वर्डपरफेक्टबरोबर कळफलकाच्या कार्यकळींवर बसविण्याची एक पट्टी मिळे. अनेकांच्या बाबतीत ती पट्टी हीच पुस्तिका. पीटर मॅकविल्यम्स यांनी १९८२ मध्ये वर्ड प्रोसेसरवर विनोदी शैलीचे पुस्तक काढून भीती घालविण्याचा प्रयत्न केला. १९९१ साली डॅन गुकिन यांच्या डॉसवरील पुस्तकाने 'फॉर डमीज' ही मालिका सुरू झाली, आणि तीत पुढे वर्डपरफेक्ट व वर्डही आले. या मालिकेचे लेखन अनेकदा चांगले आहे. परंतु तिच्या नावात इतिहासाची एक विचित्र गाठ दिसते. यॉर्कटाउनच्या टंकलेखिका यंत्र बिघडवल्याचा दोष स्वतःकडे घेत होत्या. हा दोष त्यांचा नाही असे दाखविण्यात संशोधकांची दहा वर्षे गेली. आणि त्यानंतर लगेच वाचक स्वतःला मठ्ठ म्हणवून घेणारे पुस्तक हौसेने विकत घेऊ लागला. पुढे पुस्तिका सॉफ्टवेअरमध्येच शिरली. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ९७ मध्ये घातलेला चित्ररूप साहाय्यक २००७ च्या आवृत्तीतून वगळला गेला. तो शिकणाऱ्याला न विचारता बोलत असे, एवढे त्याच्याविषयी पुरे.

महाराष्ट्रातील टंकलेखकावर हाच प्रसंग काहीसा उशिरा आला, पण अधिक कठीण स्वरूपात. इंग्रजी टंकयंत्रावरून संगणकावर जाणाऱ्याचा अक्षरांचा क्रम तरी कायम राहतो. देवनागरीत तोही राहत नाही. मराठी टंकयंत्र हे डोळ्यांचे यंत्र होते : कागदावर जे डावीकडे दिसते ते आधी उमटवायचे. म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येई आणि रेफ अक्षर पूर्ण झाल्यावर डोक्यावर चढे. ख, ण, ध, श अशी कित्येक अक्षरे अनेक टंकयंत्रांवर अर्ध्या रूपाची कळ व काना मिळून बनत. म्हणजे अर्धे अक्षर हे मूळ, आणि पूर्ण अक्षर हे त्यावरून साधलेले.

संगणकातील देवनागरीची व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला, १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधील देवनागरी याच परंपरेवर आधारलेली आहे. या व्यवस्थेत क्रम उच्चारानुसारी आहे. आधी व्यंजन, मग स्वर, मग वेलांटी कोठे काढावयाची ते यंत्र पाहते. पूर्ण अक्षर हे मूळ, हलन्ताने ते अर्धे होते. 'कर्म' लिहिताना रेफ शेवटी चढत नाही. र आणि हलन्त म च्या आधी येतात, जसे ते उच्चारात येतात. वैयाकरणाच्या दृष्टीने ही व्यवस्था अधिक शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही. पण टंकलेखकाच्या बोटांत वैयाकरण नसतो, टंकयंत्र असते. मधल्या काळात लॅटिन संकेतांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविणाऱ्या फॉन्टांनी जुना क्रम आणखी काही वर्षे जगविला. त्यांत लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अर्थहीन रोमन अक्षरे दिसत. काही सॉफ्टवेअरांनी जुन्या क्रमाने दाबलेली वेलांटी मागच्या मागे योग्य जागी नेण्याची सोय केली, आणि आधाराच्या चाकांचे काम काही प्रमाणात साधले. २०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शासनमान्य टंकलेखन परीक्षाही टंकयंत्रावरून संगणकावर आल्या, आणि हा प्रश्न प्रत्येक तालुक्याच्या टंकलेखन संस्थेत जाऊन पोहोचला.

नवशिक्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या मराठी मार्गदर्शिका बहुधा यंत्राच्या भागांपासून सुरुवात करतात. पडदा, कळफलक, उंदीर, मुद्रक यांच्या व्याख्या येतात. मग मेनूतील प्रत्येक आज्ञा वरून खाली क्रमाने येते. हा क्रम सॉफ्टवेअर रचणाऱ्याचा आहे. कळफलकाचा तक्ता दिलेला असतो. पण त्या तक्त्यावर जुन्या हाताने काय होईल हे दिलेले नसते. वस्तुतः ते आधीच सांगता येण्याजोगे आहे, कारण चूक नियमबद्ध आहे. टंकयंत्राचा सराव असलेली व्यक्ती इनस्क्रिप्टवर 'दिवस' लिहू पाहते तेव्हा ती वेलांटी आधी दाबते. वेलांटीला आधार देणारे व्यंजन अद्याप आलेले नसते. म्हणून पडद्यावर ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते, त्याला वेलांटी लागलेली असते, आणि पुढे 'दवस' येते. हे वर्तुळ कोणत्याही बाराखडीत नाही. ते पाहणाऱ्यास संगणक बिघडला, फॉन्ट खराब झाला, किंवा आपण काही तरी भलतेच दाबले, असे वाटते. यॉर्कटाउनच्या सामग्रीतील स्पष्टीकरणे याच जातीची होती. शब्दाच्या मध्ये हीच सवय अधिक फसवी ठरते. 'कविता' लिहिताना व च्या आधी दाबलेली वेलांटी निमूटपणे मागच्या क ला जाऊन चिकटते आणि 'किवता' असा शब्द तयार होतो. तेथे वर्तुळ दिसत नाही, यंत्र तक्रार करीत नाही, आणि चूक झाल्याचे मुद्रितशोधनापर्यंत कळत नाही. ती सुधारण्यातही एक खाच आहे : अनेक सॉफ्टवेअरांत मागे पुसणारी कळ एकेक चिन्ह पुसते, म्हणजे वेलांटी जाते व क राहतो, पुढचे पुसणारी कळ मात्र वेलांटीसह सगळे अक्षर उडविते.

लाझोंडर व व्हान डेर मेइ यांनी सुचविलेल्या तीन गोष्टी येथे एका पानावर मावतात. खूण : ठिपक्यांचे वर्तुळ, किंवा वेलांटी आधीच्या अक्षरास लागलेली. कारण : टंकयंत्रावर वेलांटी आधी दाबत, येथे ती व्यंजनानंतर दाबावयाची. कृती : कर्सर वेलांटीच्या लगेच पुढे आणून मागे पुसणारी कळ एकदाच दाबावी, मग ज्या व्यंजनास वेलांटी हवी त्याच्यापुढे कर्सर नेऊन ती द्यावी, वर्तुळ असल्यास वेलांटीबरोबर तेही जाते.